रेड्याचा श्वास

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की गोंदियाच्या केबलवर लागोपाठ तीन कार्टून लागत. तिन्ही इथलीच, झाडीबोलीत बोलणारी. पहिलं सालेकशाच्या अस्वलाचं. मोहफुलं खाऊन ते झुलायचं आणि जंगलातल्या सगळ्यांना उपदेश करायचं. दुसरं बोडीतल्या रेड्याचं. हा रेडा दर रविवारी तळ्यातून बाहेर निघायची तयारी करायचा आणि कधीच निघायचा नाही. तिसरं बिरसीच्या कोंबड्याचं. धावपट्टीजवळच्या वाडीत राहणाऱ्या या कोंबड्याची पक्की समजूत होती की विमानांना उडायला त्यानेच शिकवलं.

रेड्याचा आवाज यादोरावांचा होता आणि कोंबड्याचा केशोरावचा. दोघं जवानीत एकाच गावचे, पण त्यांच्या दंडारी, म्हणजे नाच-सोंगांचे फड, वेगळ्या. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दोन दंडारी समोरासमोर आल्या की आधी एकमेकांची नक्कल व्हायची. समोरच्याची चाल, त्याचं खाकरणं, गाताना मान वाकडी करणं, सगळं उचलायचं. ज्याची नक्कल झाली नाही, तो मंडईत आलाच नाही असं लोक धरत.

केशोरावची ती खोड कार्टूनमध्येही गेली नव्हती. त्याचा कोंबडा मोठ्या चॅनलवरच्या उडणाऱ्या पोराची नक्कल करायचा, बोलणाऱ्या मोटारीची करायचा. एका रविवारी तर त्याने सालेकशाच्या अस्वलालाही उचललं. पंख झुलवत, जीभ जड करत असं बोलला, की फुलचूर नाक्यावरच्या पानठेल्यावर चार दिवस दुसरा विषय नव्हता. अस्वलवाले खुश. त्यांनी पुढच्या खेपेला अस्वलाच्या डोक्यावर तुरा लावून परतफेड केली.

रेड्याकडे कोंबडा ढुंकूनही बघत नव्हता.

यादोरावांना घास गोड लागेना. अस्वलात असं काय आहे? झुलायला काय लागते? कोणीही झुलेल. शेवटी एका सकाळी त्यांनी केशोरावला फोन लावला. आधी धानाची चौकशी केली, मग गुडघ्याची, मग हळूच म्हणाले, "अस्वल बरं उचललं गा तू."

"आवडलं का?"

"बरं होतं. आता कोणाले उचलून राहिला?"

केशोराव हसला. "तुले सांगू तं काय मजा? तुया रेड्याची नक्कल कराची म्हणलं तं माया कोंबड्याले नुसतं बसून राहा लागते, यादो."

यादोरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. धुरपताबाई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "अजी, काय म्हणे केशोराव भाऊजी?"

"काई नाई. म्हातारा झाला तो."

आणि मग एका रविवारी कोंबडा डबक्यात जाऊन बसला.

नुसता बसला. पाणी गळ्यापर्यंत. यादोराव खाटेवरून उठून टीव्हीजवळ सरकले. कोंबड्याने डोळे अर्धे मिटले आणि रेड्याचं नेहमीचं, आता निघतोच आहे असं सांगणारं वाक्य सुरू केलं, "निंगून..." इथे तो थांबला. नाकातून लांब श्वास सोडला. इतका लांब, की पाण्यावर तरंग उठून काठापर्यंत गेले. मान खाली गेली, झोप लागली असं वाटलं. मग कुठून तरी आठवल्यासारखं, "...च राहिलो, बाप्पा."

धुरपताबाईने पदर तोंडाला लावला. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. रेड्याला इतके दिवस ती नुसती "बरं आहे" म्हणत आली होती.

यादोराव हसले नाहीत. नक्कल झाली, मंडईत आल्याची पावती मिळाली, पण ते त्या श्वासाशीच अडकले. ते स्वतः तो लांब श्वास आधी सोडत आणि मग वाक्य बोलत. केशोरावने तो वाक्याच्या मधात सोडला होता. ज्याला उठायचंच नाही, त्याचा दम बोलता बोलताच संपणार. साधी गोष्ट होती. ती आपल्याला सुचायला हवी होती, आणि सुचली त्या कोंबड्याला.

बाजारात लोक गाठून म्हणू लागले, "यादोरावजी, तो रेडा करून दाखवा ना, केशोरावसारखा."

पुढचा भाग करायला ते भाच्याच्या, भुपेंद्रच्या, फोटो स्टुडिओत गेले; रेड्याची चित्रं तोच काढायचा आणि आवाजही तिथेच भरला जायचा. भुपेंद्रने मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून वाकळ टांगली, पंखा बंद केला आणि बोट वर केलं. यादोराव बोलले, तर श्वास आपसूक मधातच आला.

भुपेंद्रने मशीन थांबवली. "मामाजी, हा तं केशोरावचा रेडा झाला."

"माहीत आहे मले. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. श्वास आधी सोडला, तर वाक्य शिळ्या भातासारखं मोकळं पडलं. भुपेंद्रने न विचारताच मशीन बंद केली.

आयुष्यभर नकला केलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. दुसऱ्याचं सरळ उचललं तर ती चोरी, आणि त्याचं नाव घेऊन उचललं तर नक्कल.

"भुपेंद्र, रेड्याले तुरा लाव," ते म्हणाले. "तो कोंबडा माही नक्कल कशी करते, हे रेडा आपल्या म्हशीले करून दाखवून राहिला, असं धर."

मग ते रेड्याच्या गळ्यातून कोंबडा बोलले, आणि कोंबड्याच्या गळ्यातून रेडा. श्वास मधात आला, जिथे यायला हवा तिथेच. भुपेंद्र टेबलावर डोकं ठेवून हसला.

रविवारी तो भाग लागला. धुरपताबाईने पुन्हा पदर तोंडाला लावला, खांदे हलू लागले. यादोराव टीव्हीकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

"काऊन हासून राहिली व?"

"कसं हुबेहूब केलं तुमी."

"कोणाले? रेड्याले का केशोले?"

"अजी, आयकू द्या ना मले," ती म्हणाली आणि तिने आवाज वाढवला.