सेल काढला तो दिवस

कॉम्प्युटर चालू झाला, पडद्यावर झकास चित्र आलं, आणि दुरुस्त्याला त्याचे वडील काही मिळाले नाहीत.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण या घडीला पडदा काळाठिक्कर आहे, दुरुस्त्याला आशा आहे, आणि वडील भिंतीपलीकडच्या थंड खोलीत खालून दुसऱ्या कप्प्यात पडून आहेत.

दुरुस्त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाजारात त्याला याच नावाने हाक मारत, आणि घरीही लोक हळूहळू खरं नाव विसरत चालले होते. वडील पहाटे इस्पितळातच वारले. घरी आई न जेवता, न बोलता दारात बसून होती. तिला शेवटचं तोंड बघायचं होतं. तेवढ्यासाठी दुरुस्त्या आणि त्याच्या ताईचे यजमान, म्हणजे दाजी, शवागाराच्या खिडकीशी उभे होते.

"पावती निघाल्याशिवाय बॉडी देता येत नाही," कारकून म्हणाला. "आणि पावती यातून निघते." त्याने मॉनिटरच्या डोक्यावर एक चापट मारली. मॉनिटरने ती मुकाट्याने सोसली.

"हाताने लिहून द्या की," दाजी म्हणाले.

"मागे दिली होती. एका घरी दुसऱ्याचेच आजोबा गेले. सगळं घर यथासांग रडून मोकळं झालं, तेव्हा कुठे कुणीतरी म्हणालं, की आजोबांना मिशी नव्हती."

"मग दुसरा कॉम्प्युटर?"

"आहे ना, बिलाच्या खिडकीवर. पण त्यात जिवंत माणसं आहेत."

दाजींनी मेहुण्याकडे बघितलं. "अरे, तुझाच धंदा आहे हा! बघतोस काय नुसता?"

कारकुनाचा चेहरा उजळला. "तुम्ही दुरुस्तीवाले? मग असे परक्यासारखे बाहेर का उभे? या, आत या."

दुरुस्त्या टेबलाखाली शिरला. कुणी मेल्यावर माणसाने काय करायचं असतं हे त्याला सकाळपासून समजत नव्हतं. टेबलाखाली काय करायचं हे मात्र चांगलं ठाऊक होतं. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, वर पडदा ढिम्म. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. ढिम्म. त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी होती आणि तिच्यावर एक झुरळ पाय वर करून निजलं होतं. त्याच्याकडे कुणी पावती मागितलेली दिसत नव्हती.

"खोडरबर आहे का?"

"खोडरबर?" कारकून म्हणाला. "इथे काही खोडायची परवानगी नाही हो." तरी त्याने खणातून एक काढून दिला.

दुरुस्त्याने रॅमची पट्टी उपसली, तिची सोनेरी कड रबराने घासली, फुंकर मारली, खट्‌कन परत बसवली. बटण. पंखा. काळोख. बाहेर भाड्याच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. दाजी ओरडले, "थांब रे बाबा! आतला माणूस कुठे पळून जात नाहीये."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि ते भिंतीवरची सूचना वाचायला लागले. सूचना एवढीच होती, की भिंतीला टेकू नये.

आता एकच उपाय उरला होता. बोर्डावर बटणाएवढा एक चपटा सेल असतो. तो काढून जरा वेळाने परत बसवला की मशीन सगळ्या जुन्या सेटिंग विसरतं आणि कोऱ्या मनाने जागं होतं. दुरुस्त्याने सेल नखाने उचकटला आणि मुठीत धरून बसला. टेबलाखाली, पाय पोटाशी घेऊन. थोडा वेळ त्याला तिथेच राहावंसं वाटलं. मग सेल बसवून त्याने बटण दाबलं.

पीप.

"आलं! आलं!" कारकून वरून ओरडला. "वा रे पठ्ठे!"

सेल काढला की मशीन तारीखही विसरतं, आणि तयार झालं तेव्हाच्या तारखेवर जाऊन बसतं. दुरुस्त्या दुकानात ती आधी नीट करी आणि तोवर गिऱ्हाइकाला कीबोर्डला बोटही लावू देत नसे. पण आज गिऱ्हाईक तो स्वतः होता, आणि कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात.

"थांबा, आधी तारीख..." म्हणत तो उठला आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. तोवर कारकुनाने 'दिवस सुरू करा' दाबलं होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात अकरा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी होता. कारकुनाने वडिलांचं नाव टाकलं, मृत्यूची तारीख टाकली. लाल अक्षरं आली: *तारीख आजच्या पुढची आहे. सदर व्यक्ती हयात आहे.*

"तारीख बदलतो मी, एका मिनिटाचं काम," दुरुस्त्या म्हणाला.

"छे! एकदा उघडलेला दिवस वरच्या ऑफिसाशिवाय बंद होत नाही."

"मग वरच्या ऑफिसाला सांगा."

"ते एका दिवसाची परवानगी देतात. तो बंद केला की पुढचा उघडायचा. असं करत करत आजपर्यंत यायचं." कारकून मनातल्या मनात हिशेब करायला लागला आणि मध्येच सोडून देऊन म्हणाला, "साहेब भले आहेत, पण रजेवर आहेत."

दाजी मटकन बाकावर बसले. "अहो, त्याची आई दारात बसलीय!"

"मी काय करू सांगा. माझ्याकडे ते जिवंत दाखवतायत. जिवंत माणूस शवागारातून बाहेर काढला तर माझी नोकरी जाईल."

दुरुस्त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. त्या जानेवारीत दुकान नवीन होतं आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. वडील रोज संध्याकाळी यायचे, अनोळखी माणसासारखे काउंटरशी उभे राहून मोठमोठ्याने भाव विचारायचे, घासाघीस करायचे. दुकान चालतंय असं रस्त्यावरच्यांना वाटावं म्हणून. एकदा तर भांडून निघूनही गेले होते, आणि वळणावर थांबून हसत होते.

"बरं, मग आता?" त्याने विचारलं.

"अर्ज करा," कारकून म्हणाला, आणि मनापासून वाईट वाटून त्याने स्वतःचं पेन पुढे केलं.

दुरुस्त्याने कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं:

'प्रति, मा. अधीक्षक, शवागार विभाग. विषय: वडिलांचा ताबा मिळणेबाबत. महोदय, आपल्या कार्यालयाच्या नोंदीनुसार माझे वडील आजच्या तारखेस हयात आहेत. सदर नोंद मला पूर्णपणे मान्य असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. तरी नोंदीत आहेत त्या अवस्थेत त्यांना आजच माझ्या ताब्यात देण्यात यावे, ही नम्र विनंती.'