मधली घडी

श्यामलानं चौथा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि आत पाहून पुन्हा आदळलं.

"हा धाकटाच आहे!"

सत्त्याऐंशी साली हुबळीजवळ तारिहाळच्या त्या शेडमध्ये घरगुती संगणकाची दोन मॉडेलं बनत. धाकटा टीव्हीला जोडायचा. वीज गेली की लिहिलेलं सगळं पुसलं जाई, आणि हुबळीत वीज जायला कारण लागत नसे. थोरला सगळं डिस्कवर जपून ठेवी, पण त्याची किंमत ऐकून लोक चहा न घेताच उठत. म्हणून इंजिनिअर श्यामलानं वर्षभर खपून मधला तयार केला होता. घरातला टेपरेकॉर्डर जोडायचा, लिहिलेलं कॅसेटवर राहायचं. आज मालकाच्या टेबलावर मधल्याचं नाव लावलेला चकचकीत डबा आला होता. आत धाकटा.

"मामांनी सांगितलं," मालक राघवेंद्र पंख्याकडे बघत म्हणाला. मामा म्हणजे त्याचे सासरे, विठ्ठलअण्णा. शेड त्यांच्या पैशावर उभी होती. तिथला पंखासुद्धा त्यांना विचारून फिरे.

श्यामला तडक केशवापूरला, अण्णांच्या इरकल साड्यांच्या दुकानात गेली. मागोमाग राघवेंद्र.

"बर्री अक्का, या," अण्णा म्हणाले. "रागवायचं तर बसून रागवा. गादी मऊ आहे."

"अण्णा, ही फसवणूक आहे."

"छे! स्वस्त घेतलं तर शेजारी हसतात, महाग घेतलं तर घरचे रडतात. म्हणून माणूस मधलं घेतो. आत काय आहे ते बघायला त्याला फुरसत कुठं?"

"मी बघेन."

"बघा की." अण्णांनी तीन साड्या काढून घडीसकट समोर टाकल्या. स्वस्त, मधली, महाग. "गौरीच्या सणाला आईला काय घेणार?"

"विषय बदलू नका! एखादं पोर दुपारभर बसून प्रोग्राम लिहिणार. वीज जाणार, प्रोग्राम जाणार, आणि ते बिचारं समजणार आपलंच काही चुकलं. वर बाप त्याच्या पाठीत धपाटा घालणार. असला डबा विकण्यापेक्षा दुकान बंद करा!"

बोलता बोलता तिचा हात मधल्या साडीवर गेला होता.

अण्णा हसले नाहीत. धंद्यात या क्षणाला ते कधीच हसत नसत.

"बांधू?"

श्यामलानं आपल्याच हाताकडे पाहिलं. ती कानापर्यंत लाल झाली. पण हात काढला नाही.

"उलगडा," ती म्हणाली.

"मधली कुणी उलगडत नाही, अक्का."

"उलगडा. आणि शेजारी ती स्वस्तातली."

अण्णांचा तळवा मधल्या घडीवर येऊन बसला आणि तिथंच राहिला.

राघवेंद्र इतका वेळ दाराशी, चपला हरवल्यासारखा उभा होता. तो आत आला, गादीवर मांडी घालून बसला आणि त्यानं त्या साडीचं दुसरं टोक धरलं.

"मामा," तो म्हणाला, "हात उचला."