पाचवं निरीक्षण

मी भांडखोर आहे असं बंदरावर सगळे म्हणतात. खरं आहे ते. गेल्या वर्षी मात्र मी पाच महिने फक्त विज्ञानाशी भांडत होते.

माझी भाविका तेव्हा सहावीत होती. रत्नागिरीतल्या एका शाळेत सातवीपासून विज्ञानाचा खास वर्ग भरतो. वेगळी प्रयोगशाळा, गच्चीवर दुर्बीण, आणि जागा फक्त वीस. आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. एका गिऱ्हाइकाचं पापलेट साफ करताना ही बातमी माझ्या कानावर आली आणि मी तिथेच ठरवलं, माझी मुलगी मासळीच्या पाटीवर बसणार नाही. माझी सासू यमुनाबाई चाळीस वर्षं बसली, आता मी बसते आहे, तेवढं पुरे झालं.

जाडजूड गाईड आणलं. भाविका ते उघडायची आणि दहाव्या मिनिटाला जांभई द्यायची, म्हणून मीच पाठ करायला घेतलं. मी मासे कापत बसायची आणि सासू समोर गाईड धरायची. तिला वाचता येत नाही, पण मी मान हलवली की पान उलटायची. गिऱ्हाइकांचीही सुटका नव्हती. कोणी "बांगडा कसा दिला?" म्हटलं की मी विचारायची, "आधी सांगा, झाडं अन्न कशी तयार करतात?" बरोबर उत्तराला एक बांगडा वर. बँकेतल्या मृणालीताईंना एकदाही बांगडा मिळाला नाही.

आणि घरात एक नियम केला. भाविकाने माशाला हात लावायचा नाही. शाळेत हातांना वास आलेला मला चालणार नव्हता. तरी दर रविवारी आजी आणि नात सकाळी गायब व्हायच्या. एकदा मागोमाग गेले, तर लिलावाच्या जागी पोर माशाचे कल्ले उचलून बघत होती.

"कधीचा?" सासू विचारत होती.

"कालचा. डोळा बघ की, आत बसलाय."

माझं डोकंच फिरलं. "आई, परीक्षेत हिला काय मासे विकायला लावणार हायत?"

"मी काय शिकवत नाय गो," सासू म्हणाली, "तीच विचारत ऱ्हाते."

लेखीत भाविका काठावर पास झाली. म्हणजे आता सगळं प्रात्यक्षिकावर होतं.

प्रात्यक्षिक होतं रविवारी. त्या आठवड्यात वारं सुटलं होतं आणि गुरुवारनंतर एकही होडी बाहेर गेली नव्हती. आमच्या बर्फाच्या पेटीत शेजारच्या दोघी कोळणींचाही माल असतो, म्हणून ओळखायला मी माझ्या मोठ्या माशांच्या शेपटीला हिरवा दोरा बांधते. कापताना दोरा निघतो. रविवारी सकाळी पेटीत होता तो सगळा गुरुवारचा माल. तोच घेऊन मी दोन तास बसले, तर चष्मा लावलेला एक माणूस कापडी पिशवी घेऊन आला.

"एक मासा हवाय. कापायचा नाही. सगळे अवयव जागेवर हवेत."

मला हसू आलं. मी त्याच्यापुढे मोठी तांबोशी धरली. तांबडा मासा, शिळा झाला तरी रंगावर तोरा असतो.

"ताजी आहे ना?"

"आत्ता होडीतनं उतरली. माझ्या पोरीची शपथ!"

होड्या धक्क्याला बांधलेल्या त्याला समोर दिसत होत्या. पण तो बापडा कल्ला उचलून न बघता मासा पिशवीत घालून गेला. जो कल्ला उचलत नाही त्याला गुरुवारचा मासा द्यायचा, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, जरीची साडी नेसले, तोंडाला पावडर लावली आणि भाविकाला घेऊन शाळेत गेले. पालकांना आत सोडत नव्हते. आम्ही सगळे खिडकीच्या गजांना लटकलो. त्यात निम्मी माझी गिऱ्हाइकं.

आत चार टेबलं होती. तिसऱ्या टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये माझी तांबोशी, शेपटीला माझा हिरवा दोरा. आणि टेबलामागे परीक्षक म्हणून तोच चष्मेवाला. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला. सरांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा, पण ओळख पटली नाही. पाटी नसली की आम्हाला कोण ओळखतं?

मग जरा जीव भांड्यात पडला. फळ्यावर लिहिलं होतं, 'माशाचं निरीक्षण करा. पाच मुद्दे लिहा.' अरे, हे तर गाईडचं त्रेचाळिसावं पान! निमुळतं शरीर, खवले, पर, कल्ले, शेपूट. मी तिला झोपेतून उठवून विचारलं होतं. बाकीची मुलं तेच भराभरा लिहीत होती.

भाविकाने काय केलं? कल्ला उचलला. डोळा पाहिला. पोटावर बोट दाबलं. वास घेतला. शेपटीपर्यंत हात नेला आणि थोडा वेळ तिथेच ठेवला. मग चार ओळी लिहून पेन्सिल खाली ठेवली.

सरांनी कागद मोठ्याने वाचला. "कल्ले तपकिरी. डोळे आत गेलेले. दाबलं की पडलेला खळगा भरून येत नाही. मासा तीन दिवस बर्फात ठेवलेला." त्यांनी चष्मा वर केला. "अगं, हा मी आज सकाळी आणलाय. होडीतून उतरलेला. त्या बाईंनी स्वतःच्या मुलीची शपथ घेतली."

"सर, हा शिळा हाय."

"म्हणजे त्या बाई खोटं बोलल्या?"

भाविका खाली बघत राहिली.

"शेवटचा मुद्दा अंदाजाने लिहिलायस. एवढं चुकलं तर तुझे बाकीचेही मला धरता येणार नाहीत. दोन मिनिटं देतो. खवले, पर, जे दिसतं ते लिही. आणि पाचवा मुद्दा कुठे आहे?"

तिने पेन्सिलीला हात लावला नाही. "शिळाच हाय, सर."

मी गजांतून दात-ओठ खात होते. लिही ना गो बये, खवले लिही! पण ती हात मागे बांधून उभी. घरी मी ओरडले की अशीच उभी राहते. सरांनी लाल पेन उघडलं. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. सासूचं चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं, माझा धंदाही. फक्त माझी पोर खरं बोलून नापास झाली असती, तेही माझ्या माशापायी.

"सर!" मी ओरडले. "तो मासा माझा हाय!"

सगळी खिडकी माझ्याकडे वळली.

"सकाळी मीच विकला तुमाला. गुरुवारचा हाय. पोर बरोबर बोलते."

सरांनी चष्मा काढला. "आणि ती शपथ?"

"खोटी. हिचीच घेतलेली."

शेजारून मृणालीताई म्हणाल्या, "म्हणजे माझी गेल्या आठवड्यातली सुरमई..."

"ती ताजी होती!" मी म्हटलं. पण त्यांच्या तोंडावरून कळलं, विश्वास कोणाचाच बसला नव्हता, आणि का बसावा?

सरांनी तांबोशीवर बोट दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला. मग त्यांनी लाल पेन खिशात ठेवलं.

"सर, आता पाचवं लिहू?" भाविकाने विचारलं.

तिने एक ओळ लिहिली. सरांनी ती वाचली, "शेपटीला हिरवा दोरा. मासा आमच्या पेटीतला." त्यांनी मान वर केली. "हे तुला आधीच दिसलं होतं? मग लिहिलं का नाहीस?"

"आये खिडकीत उभी होती," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. जरीच्या पदराने डोळे पुसले, सगळी पावडर पदराला लागली.

भाविका एकोणिसावी आली. आता पाटीवर कोणी "ताजा आहे ना?" विचारलं, तर मी शपथ घेत नाही. कल्ला उचलते आणि म्हणते, तुम्हीच बघा.