चालत्या गाडीत नाही

…कपाच्या तळाशी पाण्याचा एक थेंब होता. वर निळसर पेट्रोल आणि खाली तो, बुबुळासारखा गोल, कुणाचं काही एक न ऐकता बसलेला. विमानाच्या पंखाखाली वाकून तिने कप उजेडात धरला. एवढ्याशा ऐवजाने म्हणे आकाशात इंजिन बंद पडतं. तिने कप गवतावर रिकामा केला, टाकीखालची कळ दाबून पुन्हा भरला. या खेपेला स्वच्छ. मग तिसऱ्यांदाही भरला. गरज नव्हती, पण हात थरथरतात का ते बघायचं होतं. नव्हते थरथरत. कामाला बसलेल्या कसायाचे असावेत तसे थंड होते.

"पाणी होतं?" सरांनी मागून विचारलं.

"एक थेंब. आता नाही."

"छान."

छान! या माणसाला सगळंच छान. इथले शिकाऊ त्यांना पाठीमागे मांजर म्हणत, कारण त्यांचं पाऊल वाजत नसे आणि आवाज चढत नसे. कुणी विमान धावपट्टीवर बटाट्याच्या पोत्यासारखं आपटलं तरी मांजर म्हणणार, "हरकत नाही, पुन्हा करू." आज मांजराने कागदावर सही केली की परवा ती एकटी उडणार होती. शेजारची खुर्ची रिकामी… दोन वर्षं तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी, एवढंच.

कारण शेजारच्या खुर्चीत बसून शिकवणारा माणूस तिला जन्मापासून माहीत होता. बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. जुनी पांढरी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा क्लच आणि ब्रेक, काचेवर त्याच्यासाठी दुसरा छोटा आरसा, आणि दारावर बाबांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'सुरक्षितता प्रथम'. परक्यांशी बाबा लोण्यासारखे. अहो ताई, क्लच सोडा बघू… साहेब, घाई नको. आणि मला — गिअर चुकला की आधी त्यांचा ऊबदार हात माझ्या हातावर यायचा, "हळू, बाळ, हळू" म्हणायचा, आणि मग काहीच नाही. मग वाट. चालत्या गाडीत बाबा हात उचलत नसत, त्या बाबतीत माणूस तत्त्वाचा. सिग्नल लाल झाला, हँडब्रेक ओढला, की मग कानाखाली. एक. कधी दोन. सिग्नल हिरवा होईपर्यंत जेवढ्या बसतील तेवढ्या. "माझा एक फटका म्हणजे पुढचा एक अपघात कमी," असं ते पाहुण्यांना हसत सांगत, पाहुणेही हसत. अठरा वर्षांची ती त्या छोट्या आरशात स्वतःला बघायची — भुवया वर गेलेल्या, तोंड किंचित उघडं, कुणाची तरी क्षमा मागायच्या बेतात असल्यासारखं. त्या तोंडाची तिला बाबांपेक्षा जास्त घृणा होती.

विमान थांबत नाही. हे तिला पहिल्या दिवशी कळलं आणि ती वेड्यासारखी हसली होती. वर गेलं की लाल सिग्नल नाही, हँडब्रेक नाही, थांबलं की पडलं. ज्या वस्तूला थांबताच येत नाही तिच्यात कोण कुणाला मारणार?

"चल," सर म्हणाले.

चढताना ती बरी असायची. शेतं लहान झाली, रस्ता करगोट्यासारखा बारीक झाला, इंजिनाच्या आवाजाने डोक्यातलं बाकी सगळं धुऊन नेलं. सर हात मांडीवर ठेवून बसले होते. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एकेक दांडा, आतून एकमेकांना जोडलेले — तिचा हलला की त्यांचाही हलणार. मध्ये इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा थ्रॉटल. आणि पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेला नियम: शिकवणारा म्हणाला 'कंट्रोल माझ्याकडे', की दोन्ही हात वर करून दाखवायचे आणि म्हणायचं 'कंट्रोल तुमच्याकडे'. तिथे वाद नाही, 'का' नाही, एक सेकंद नाही. एक विमान दोघांनी उडवायचं नसतं.

चार हजार फुटांवर त्यांनी सराव सुरू केला. नाक उचलत न्यायचं, वेग मरू द्यायचा, भोंगा वाजू लागतो, सांगाडा थरथरतो आणि पंखांची हवेवरची पकड सुटते. विमान पडू लागतं. आणि पडताना दांडा पुढे ढकलायचा — नाक आणखी खाली! सगळं शरीर ओरडत असतं, ओढ, मागे ओढ, आणि आपण ढकलायचं. एवढंच शिकायचं असतं. पहिल्यांदा तिने ते चोख केलं. दुसऱ्यांदाही. सर छान म्हणाले. तिसऱ्यांदा इंजिनाची ताकद ठेवूनच नाक उचलायचं होतं, आणि थ्रॉटल तिने जरा धसमुसळेपणाने पुढे रेटला असेल… असेल…

त्यांचा हात तिच्या हातावर आला. कोरडा, ऊबदार.

"हळू," ते म्हणाले. "हळू, बाळ."

तिने दांडा ओढला. पोटापर्यंत. थ्रॉटलवरचा हात झटकून सोडवला आणि दोन्ही हातांनी ओढला. भोंगा किंचाळला, डावा पंख कुणीतरी खालून तोडल्यासारखा गळला, आणि समोरच्या काचेतलं आकाश जाऊन तिथे शेतं आली, हिरवी, तपकिरी, गरगर फिरणारी, जत्रेतल्या पाळण्यातून दिसावीत तशी.

"पुढे. दांडा पुढे!"

तिला नीट ऐकू येत होतं. हे मी नंतर स्वतःपासून लपवलं नाही, एवढं तरी माझ्या नावावर असू दे. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"कंट्रोल माझ्याकडे!"

तिने हात वर केले नाहीत. तिकडून ते ढकलत होते, इकडून ती ओढत होती, मधला दांडा दोन माणसांच्या ताकदीने जागच्या जागी उभा होता, आणि तिच्या दंडांत, खांद्यांत, जबड्यात असं काहीतरी भरून आलं होतं की त्याला आनंदच म्हणायला हवं. ढकल! ढकल ना! बघू किती आहे अंगात. गेल्या महिन्यात खोलीतल्या मैत्रिणीची बोटं दारात चेंगरली होती आणि दार कुणी लोटलं ते दोघींनाही ठाऊक होतं, तेव्हाही एक क्षण असाच भरून आला होता, पण तो लहान होता. हा मोठा होता. याला पडता पडता बाराशे फूट मिळाले.

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. बघायचंच होतं तिला. भुवया वर गेलेल्या, तोंड किंचित उघडं… ते क्षमा मागत होते. मरता मरता तो पन्नाशीचा माणूस तिची क्षमा मागत होता, कशाबद्दल ते त्याला माहीतही नव्हतं. ते तोंड तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, पण आजवर नेहमी आरशात.

आणि मग कोपर आलं.

कानावरच्या हेडफोनच्या माइकची दांडी ओठांत घुसली, दातावर काहीतरी कडाडलं, तोंड गरम झालं. हात आपोआप सुटले. इंजिनाचा आवाज बसला, फिरणारी शेतं थबकली, मग एका प्रचंड वजनाने तिला खुर्चीत दाबलं आणि आकाश हळूहळू परत जागेवर आलं. ती दोन्ही हात वर करून बसली होती.

"कंट्रोल तुमच्याकडे," ती म्हणाली. रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं होतं.

विमान सरांनीच उतरवलं. ते उभं राहिल्यावर सरांना दाराची कडी उघडेना. तीन वेळा त्यांचा हात निसटला.

"एकवीस वर्षांत मी कुणावर हात…" ते म्हणाले. "हात गोठतात गं. भल्याभल्यांचे गोठतात. तेव्हा मारूनच सोडवावे लागतात, आम्हाला शिकवलेलंच असतं ते. पण मी… दात बघू. हलतोय का?"

"नाही."

"तक्रार करायची असेल तर कर. मी अडवणार नाही."

ती विमानं ठेवायच्या हँगरमागच्या नळावर गेली. चूळ लाल आली, मग गुलाबी. माझा एक फटका म्हणजे पुढचा एक अपघात कमी. आज ते शब्दशः खरं झालं होतं. मार खाऊन कुणी काही शिकत नाही, या एका वाक्यावर ती आयुष्यभर उभी होती. आणि आता एका फटक्यामुळे ती जिवंत होती, नळाखाली डोकं घालून, आणि बाबा जिंकले होते. त्यांना कळवायचीही गरज नव्हती. तिने भिंतीवर मूठ मारली. पुन्हा मारली. भिंतीला काही झालं नाही, सालटं तिचीच निघाली, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की ती पुन्हा मारणार होती, तेवढ्यात आतून सरांनी हाक मारली.

कार्यालयात पंखा फिरत होता. सरांनी तिच्या नावाचा प्रशिक्षणाचा कागद काढून भरला होता, अक्षर वेडंवाकडं आलं होतं. शेवटच्या रकान्यात: 'भीतीने हात गोठले. जादा सराव, मग एकटीने उड्डाण.' खाली त्यांची सही, शेजारी तिच्या सहीची जागा. भीती लिहिली तर सराव मिळतो. दुसरं काही लिहिलं तर या जन्मी विमानाला हात लावता येत नाही, इथेच नव्हे, कुठेच.

"भीतीच होती ना?" त्यांनी विचारलं. नजर कागदावर होती. उत्तर तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त हवं होतं.

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलंच." त्यांनी श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला. "होतं असं. उद्या सातला ये. पुन्हा तेच करू, मी आहे शेजारी. सही कर, मी बर्फ मिळतो का बघतो ओठाला."

ते गेले. पाऊल वाजलं नाही. तिने पेन उचललं, आणि टेबलाखाली तिचे गुडघे थरथरू लागले. आधी एक, मग दोन्ही. तिने ते हातांनी दाबून धरले तर हातही थरथरू लागले, ते सकाळचे थंड हात. खोटं लिहिलेलं ते आता, इतक्या उशिरा, खरं होऊ लागलं होतं. पण ही भीती पडण्याची नव्हती. उद्या सात वाजता तो माणूस तिच्या शेजारी बसेल, पट्टा बांधेल, तिने भीती म्हटलं म्हणून भीतीच धरून चालेल, आणि चार हजार फुटांवर दोन्ही हात मांडीवर ठेवून निवांत बाहेर बघत राहील.