राहीचं बारसं

मनुबाईने जावेच्या, राहीच्या, कपाळाला तूप चोळलं आणि हात लुगड्याला पुसला.

"तान्ह्यानं बोलायचं न्हाय हां," तिने बजावलं.

तान्हं चाळिशीला आलं होतं. नवरा वारल्यावर राही आपली दूधपिती पोर, कोकिळा, मनुबाईच्या ओटीत घालून लढाईत गेली. लष्करी इस्पितळाची आया म्हणून, बसऱ्याला. लढाई संपली तरी तिथल्या छावणीत राबत राहिली. लिहिता येत नव्हतं. गलबतांवरच्या खलाशांपाशी दिलेले निरोप वाटेतच विरले. घरच्यांनी रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली, मग पळसाच्या पानांची राही केली आणि खाडीकाठी जाळली. पुढच्याच वर्षी, १९३० साली, खरी राही दिघीला बोटीतून उतरली.

मेलेल्या बाईला घरात कोण घेणार? दिराच्या, म्हणजे मनुबाईच्या नवऱ्याच्या, बाळाजीच्या पडवीबाहेर ती बसून राहिली. कोकिळा दुरूनच ताट सरकवायची आणि "घ्या" म्हणायची. आये म्हणायची ती मनुबाईला. बसऱ्यात मरायला टेकलेले शिपाई आपापल्या बोलीत आईला हाका मारत, आणि राही उशाशी बसून ओ देई. परक्यांची आई होऊन होऊन ती थकली होती. आता आपल्या पोरीने एकदा आये म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटी दिनानाथ भटजींनी तोड काढली. क्रियाकर्म झालेलं माणूस परतलं तर त्याने नव्याने जन्म घ्यावा. शास्त्राला तुपाने भरलेलं कुंड लागतं. बाळाजीच्या ऐपतीत एक पळी बसली.

"आता ही तुझी मुलगी, बाळाजी," भटजी म्हणाले. "कोकिळेची धाकटी बहीण. मागलं नातं चितेत गेलं. ते पुन्हा तोंडावर आणलंत, तर सगळा विधी फुकट."

नव्या जन्मात वैधव्यही उरलं नसणार, पण कुंकवाचं कुणी काढलं नाही. शास्त्र सोयीपुरतंच चालतं.

नाव ठेवायला आत्या हवी. ती हयात नव्हती.

"थोरली भैन ठेवंल," बाळाजी म्हणाला. "ये गो, कोकिळे."

कोकिळा पुढे झाली. तिने राहीचं डोकं मांडीवर घेतलं. मग वाकून कानाशी तोंड नेलं.

"आये," ती कानात म्हणाली.

राहीचे ओठ हलले. समोर भटजी होते, मनुबाई होती. ओ द्यायची तर पुन्हा पडवीबाहेर. राहीने ओठ दाबून धरले, पण हुंदका थोपेना, आणि ती मोठ्याने रडली.

"रडलं. बरं झालं," भटजी समाधानाने म्हणाले आणि अक्षता टाकल्या.

"काय ठेवलंस गो नाव?" मनुबाईने विचारलं.

"सोनू."

कोकिळेने राहीचं डोकं हलकेच पाटावर टेकवलं. मग उठून, पदर खोचून, ती मनुबाईकडे वळली.

"आये, पानं मांडू काय?"