पापनाशमची बस

ब्याण्णव साली तंजावरात तो सिनेमा चारच दिवस टिकला, आणि चारही दिवस मॅटिनीला मी आणि माझी मैत्रीण कनकलता हजर होतो. सिनेमा वाईट नव्हता हो, बघणारे मेले उतावळे! नायकाने मंगळसूत्र बांधलं रे बांधलं, की पापनाशमच्या बससाठी अख्खं थिएटर उठायचं. खरी गंमत तर त्यानंतर होती. नवरी नवऱ्याला सांगते, "उद्या माझी परीक्षा आहे, स्वयंपाकाचं तुम्ही बघा," आणि मैत्रिणीच्या मोपेडवर बसून चालू लागते. हे बघायला उरायचो आम्ही दोघी आणि झाडूवाली.

पुढच्याच महिन्यात पापनाशमहून विश्वेश कनकलतेला बघायला आला. शिरा-भजी झाली, कॉफी मीच नेऊन दिली. आवडता सिनेमा म्हणून त्याने नेमकं त्याच सिनेमाचं नाव घेतलं. मी तर मनात अक्षताही टाकल्या.

"शेवट कसा वाटला?" कनकलतेने विचारलं.

"छान! लग्न झालं, संपलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातला कॉफीचा पेला अलगद काढून घेत म्हणाली, "उठा, तुमची बस चुकेल."