साखरेची पुडी आणि मी

दुकानात माझ्या अंगावर कागद चिकटवला होता, 'लंच बॉक्स'. काय तोरा होता माझा! दुपारचं जेवण ठेवायचं भांडं, एवढाच त्या नावाचा अर्थ मला ठाऊक. पण अल्लीपूरच्या जयवंताबाईच्या घरी आलो आणि एका नावाचे दहा अर्थ झाले. लेक मंजुषा शाळेत जायची तेव्हा मी खाऊचा डबा. ती सासरी गेली आणि मी सुईदोऱ्याचा झालो.

यंदा जयवंताबाईचे मालक, लक्ष्मणराव, सावंगीच्या दवाखान्यात भरती झाले. इकडे कापसाची वेचणी ऐन भरात, आणि घरात ती एकटी. रोज सकाळी ती मला दवाखान्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, संध्याकाळी तोच मला परत आणायचा.

मंजुषाला ती फोनवर सांगे, "तुया बाबाले घास जाऊन राह्यला गं माय! डब्बा साफ होऊन येते. फोनवर माणूस खोटं बोलते, डब्बा नाई बोलत. वेचणी झाली की जातोच मी."

खरं मला माहीत होतं. लक्ष्मणरावांना पाणीसुद्धा जात नव्हतं. शेजारच्या खाटेवर नत्थूचा म्हातारा बाप होता. त्याच्यासाठी थांबलेल्या नत्थूसमोर ते मला सरकवायचे.

"खाऊन घे गड्या. भरला डब्बा परत गेला तं जयवंता वेचणी सोडून धावत येईन."

"दादा, एक घास तरी घ्या ना. काऊन असं करता?"

नत्थू मान खाली घालून जेवायचा, मला घासून आणायचा. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून लक्ष्मणराव चहाच्या साखरेची पुडी आत ठेवायचे. ती पाहून जयवंताबाई हरखायची, "पाह्य, बिमार माणूस, पण रीत नाई विसरले!" मी आतल्या आत मरत होतो. ज्या तोंडाला बोलताच येत नाही, त्याला झाकण काय कामाचं?

बाराव्या दिवशी लक्ष्मणरावांनी डोळे उघडले नाहीत. नत्थूच्याने खाववेना. मी भरलेलाच परत आलो. माझं वजन हातात पडलं आणि जयवंताबाईला कळलं. मला पोटाशी धरून ती मिळेल त्या गाडीनं सावंगीला गेली. खाट रिकामी झाली होती.

नत्थूनं तिचे पाय धरले. "वहिनी, रोजचा डब्बा मी खाल्ला."

तिनं त्याला हात धरून उठवलं. मग म्हणाली, "तू तरी पोटभर जेवला ना रे भाऊ?"

आता मी फळीवर आहे. माझ्या पोटात अकरा पुड्या आहेत, तिनं एकही फोडलेली नाही. बाबांनो, तुमचं माणूस दवाखान्यात असेल तर रिकाम्या डब्यावर भरवसा ठेवू नका. वेचणी राहू द्या. जाऊन त्याच्यापाशी बसा.